आधी माती, मग झाड

वनमहोत्सव सुरू होऊन पाऊण शतक लोटले. १९५० साली केंद्रीय मंत्री असताना कन्हैयालाल मुनशी यांनी तो सुरू केला. देशाला झाडांची गरज आहे हे त्यांनी ओळखले होते आणि ती गरज खरी होती. मात्र या पाऊणशे वर्षांत एक समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसली, की ती तपासून पाहावी असे फारसे कुणाला वाटत नाही. जमीन उघडी दिसली की ती उजाड, झाडी दाट दिसली की निसर्ग सुखरूप, आणि रोपे जितकी अधिक तितके संवर्धन अधिक, अशी ती समजूत आहे. महाराष्ट्राने २०१९ च्या एकाच पावसाळ्यासाठी ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला तो तिच्याच बळावर. गुजरातेतल्या मोहिमाही तिच्यावरच चालतात.

ही समजूत उथळ आहे, आणि उथळपणामुळेच ती घातक ठरते. माझे प्रतिपादन असे, की एखाद्या भूभागाचा मूळ झाडोरा हा माती आणि हवामान या दोघांच्या एकत्रित व्यवहारातून घडतो. यातल्या एकाकडे दुर्लक्ष करून केलेले संवर्धन त्या भूभागाचे नुकसान करते. आणि आज दुर्लक्ष होते आहे ते मातीकडे. पावसाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. खड्ड्यातून निघालेली माती कोणत्या जातीची आहे, हे रोपे लावणारा विचारत नाही.

हे सिद्ध करण्यासाठी मी वडोदरा जिल्ह्यातला करजण तालुका घेतो आहे. गायकवाडी मुलखातला हा काळ्या जमिनीचा पट्टा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. दत्तसंप्रदायी संत रंगावधूत महाराजांचे नारेश्वर याच तालुक्यात, नर्मदेच्या काठावर आहे. आणि इथली काळी माती तर विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीची सख्खी बहीण आहे. शिवाय इथे घनदाट जंगल नाही, वाघ नाही, पर्यटक नाहीत. जिथे डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही, तिथेच आपल्या संवर्धनाच्या कल्पनेची खरी परीक्षा होते.

१. पाऊस एक, माती दोन

आधी पाऊस स्थिर धरू आणि माती बदलून पाहू. वडोदऱ्याच्या उत्तरेला मही नदी ओलांडली की चरोतर लागते: आणंद, पेटलाद, बोरसद. दक्षिणेला धाढर ओलांडली की कानम सुरू होतो, आणि त्यात करजण येते. दोन्हीकडे पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. तो साधारण ८०० ते ९५० मिलिमीटर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो. उरलेले आठ महिने कोरडे जातात. मे महिन्यात दोन्हीकडे पारा ४० अंशांच्या वर असतो. झाडोरा केवळ हवामान ठरवत असते, तर दोन्हीकडे सारखीच झाडी दिसली असती.

तशी ती दिसत नाही. चरोतरात वाळूमिश्रित पोयट्याची जमीन आहे, तिला तिथे गोराडू म्हणतात. तिच्यात आंबा, खिरणी, मोह, चिंच आणि कडुनिंब यांचे मोठाले वृक्ष शेताच्या कडेला उभे असतात. कानमात मात्र रान मोकळे होते. क्षितिजापर्यंत कापूस आणि तूर, मध्ये बांधावर बाभूळ, कुठे बोर, कुठे शमी, क्षाराच्या जागी पिलू, तळ्याच्या कडेला शिंदी. मोठे वृक्ष भेटतात ते गावठाणात, नाहीतर नदीच्या उंच काठावर.

हा फरक मातीच्या जन्मापासूनचा आहे. गोराडू माती साबरमती आणि महीच्या गाळाची, वाळूचा अंश जास्त असलेली. करजणची काळी माती ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी बेसॉल्टची झीज होऊन नद्यांनी सपाटीवर आणून टाकलेली चिकणमाती. तिचे कण अतिसूक्ष्म असतात. त्यांतले स्मेक्टाइट जातीचे खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आकसते.

आंद्रेयास शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ मधल्या ग्रंथात हवामानाने ठरणारा झाडोरा आणि मातीने ठरणारा झाडोरा असा भेद केला होता. भारतात हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये वनप्रकारांची जी सुधारित मांडणी केली, तिच्यातही शुष्क पानझडी वनांच्या गटात मातीमुळे घडणारे प्रकार निराळे नोंदले आहेत. बाभळीचे वन आणि पळसाचे वन हे त्यांतलेच. म्हणजे आपल्या वनखात्याच्या रोजच्या वापरातल्या वर्गीकरणानेच मातीचा अधिकार मान्य केलेला आहे. रोपवाटिकेत जाताना आपण तो विसरतो.

२. माती एक, पाऊस निरनिराळा

आता उलट करू. माती स्थिर ठेवू आणि पाऊस बदलू. भारी काळी जमीन सोलापुरात आहे, तिथे पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. करजणात आहे, तिथे नऊशेच्या आसपास. नागपूर-वर्ध्याकडे आहे, तिथे हजाराच्या वर. सोलापूरच्या काळ्या रानात गवत, बाभूळ आणि हिवर. करजणात बाभूळ अधिक जोमदार, जोडीला शिंदी आणि पिलू. विदर्भात खोलगट काळ्या पट्ट्यांत पळस आणि बाभूळ, तर शेजारच्याच मुरमाड, निचऱ्याच्या उतारावर साग. पाऊस दुपटीच्या जवळ गेला तरी साग भारी काळ्या सपाटीवर खुशीने उतरत नाही. तो उतारच धरतो, कारण मुळाशी साचलेले पाणी त्याला मानवत नाही.

म्हणजे पाऊस बिनमहत्त्वाचा आहे असे नव्हे. तो एकाच मातीवरच्या झाडोऱ्याचा दाटपणा, उंची आणि जातींचे प्रमाण बदलतो. मात्र कोणत्या जातींना उमेदवारी करता येईल हे माती ठरवते.

सुदानमध्ये जे. स्मिथ यांनी १९४९ साली यावर फार महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. तिथे वाळूची आणि चिकणमातीची विस्तीर्ण मैदाने शेजारी शेजारी आहेत. त्यांनी दाखवले, की तेच झाड वाळूत कमी पावसावर तगते आणि चिकणमातीत त्याला जास्त पाऊस लागतो. कारण सरळ आहे. वाळूत पडलेले पाणी लगेच खोल उतरते आणि उन्हापासून वाचते. चिकणमातीत हलकी सर वरच्या थरातच अडकते आणि उडून जाते. जे आत शिरते, त्यातलेही बरेचसे मातीचे कण इतके घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही. पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस आणि मुळाला मिळालेला पाऊस या दोन वेगळ्या राशी आहेत. त्यांच्यामधला हिशेब माती करते. म्हणून ‘इथे नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, मग अमुक झाड का येऊ नये’ हा प्रश्नच अपुरा आहे.

३. काळी माती झाडाकडून काय मागते

करजणच्या जमिनीत टिकायचे तर झाडाला चार कसोट्या पार कराव्या लागतात.

*पहिली, भेगा.* मार्च उजाडला की भारी काळी जमीन उलू लागते. भेगा हात जाईल इतक्या रुंद आणि माणूस उभा राहील इतक्या खोल जाऊ शकतात. आकसणारी माती आडवी पसरलेली बारीक मुळे ताणून तोडते, आणि भेगेतून शिरलेली गरम हवा उरलेली मुळे सुकवते. सोटमूळ झपाट्याने खोल नेणाऱ्या जातीच इथे पहिली दोन-तीन वर्षे काढतात.

*दुसरी, साचलेले पाणी.* पावसाळ्यात हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी खाली उतरायचे थांबते. शेते दिवसेंदिवस चिबडलेली राहतात आणि मुळांना हवा मिळत नाही. या चिखलाची ताकद कळण्यासाठी करजणचाच इतिहास पाहावा. लोहमार्ग १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत पोहोचला. लगेच पुढच्या वर्षी खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते करजणलगतचे मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा अरुंद रुळमार्ग टाकला. त्यावर सुरुवातीला बैल गाडे ओढत असत. इंजिन नसतानाही रूळ टाकावेसे वाटले, यावरून कापसाच्या या मुलखात गाडीवाटांवर किती विसंबता येत होते याचा अंदाज बांधता येतो. जी जमीन बैलगाडीला रुतवते ती रोपालाही गुदमरवते.

*तिसरी, घट्ट धरलेले पाणी.* एक मीटर खोलीची भारी जमीन दीडशे ते दोनशे मिलिमीटर वापरता येण्याजोगे पाणी साठवू शकते. याच साठ्यावर कानमातला देशी कापूस सिंचनाविना आठ महिने उभा राहत आला. पण हा साठा हळूहळू आणि खोलातून उपसावा लागतो. उथळ मुळांची झाडे समोर पाणी असून तहानलेली राहतात.

*चौथी, क्षार.* करजणहून पश्चिमेला जंबुसर-आमोदकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने जावे तसतसा जमिनीतला क्षार वाढतो. तिथे पिलू आणि मोरस यांचे राज्य सुरू होते आणि शेवटी खाडीत तिवरे दिसतात. पूर्वेला राजपिपळ्याच्या डोंगरात मात्र साग, मोह आणि बांबू. दीडशे किलोमीटरच्या आत हा सगळा पालट होतो. पावसाचा फरक त्यात आहेच, पण उतार, निचरा आणि क्षार यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

बाभूळ या कसोट्यांना उतरते. तिचे सोटमूळ खोल जाते, काही आठवडे पाणी साचले तरी ती मरत नाही, मध्यम क्षार सोसते, आणि मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवते. तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि कडक कवचाचे बी त्यांच्या पोटातून बाहेर पडले की लवकर रुजते. पळस पाण्याचा निचरा नसलेली जमीन सहन करतो. बोर आणि हिंगणबेट उन्हाळा काढतात.

पण या जमिनीचा खरा मालक गवत आहे. भेगांनी तुटलेली तंतुमुळे गवत वर्षभरात पुन्हा घालते. झाडाला ते जमत नाही. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. त्यांत दख्खन आणि लगतच्या प्रदेशाचा प्रकार पवन्या आणि मारवेल यांच्या जोडीचा आहे. पवन्या हलक्या, मुरमाड जमिनीवर. मारवेल भारी, सपाट जमिनीवर. मारवेल म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक गुराख्याच्या ओळखीचे गवत. त्यालाच कुंद्याची साथ. कुंदा शेतात शिरला की शेतकरी हैराण होतो, पण त्याच्या चिवट, खोल मुळांतूनच या मातीचा मूळ स्वभाव दिसतो.

हे करजणपुरतेही नाही. ऑस्ट्रेलियातली मिचेल गवताची मैदाने आणि टेक्सासची काळी प्रेअरी ही सगळी फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीवरची गवताळ राने आहेत. तीन खंडांत एकाच जातीच्या मातीने विरळ झाडांचे गवताळ रान घडवले असेल, तर त्या मोकळेपणाला उजाडपणा म्हणणे अज्ञानाचे आहे.

४. ओळख चुकली की संरक्षण चुकते

आता प्रश्न येतो, की एवढ्या स्पष्ट गोष्टीकडे आपली व्यवस्था कशी पाहते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर १० टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन धरले जाते, मग जात कोणतीही असो. या मापाने परदेशातून आलेल्या वेड्या बाभळीचे अभेद्य जाळे वन ठरते आणि मारवेलचे निरोगी कुरण वन ठरत नाही. महसुली दप्तरात आणि पडीक जमिनींच्या नकाशांत तर अशी राने पडीकच म्हणून चढतात. केंद्राच्या हरित श्रेयांक योजनेची जी कार्यपद्धती फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तिच्यात झुडपी आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. भारी काळ्या मातीवर हेक्टरी अकराशे झाडे मागणे म्हणजे तिने स्वतःचा धर्म सोडावा अशी अट घालणे.

याचा परिणाम काय होतो ते गुजरातनेच पाहिले आहे. कच्छच्या बन्नीमध्ये १९६१ पासून सुमारे ३१,५०० हेक्टरवर वेडी बाभूळ लावली गेली. हेतू चांगला होता: रणातला क्षार गवताळ पट्ट्यात सरकू नये. पण ही अमेरिकेतली जात शेंगांतून आणि गुरांच्या पोटातून पसरत गेली आणि आशियातल्या एका मोठ्या कुरणाचा बराचसा भाग तिने गिळला. मालधारी पशुपालकांच्या म्हशी आणि गाई ज्या गवतावर जगत, तेच मागे हटले. आज हीच वेडी बाभूळ, गुजरातीतला गांडो बावळ, कानमातल्या पडिकांत, रस्त्यांच्या कडेला आणि कोरड्या तळ्यांच्या काठांवर सर्रास दिसते, आणि उपग्रहाच्या चित्रात ती हिरवी दिसते.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. भावनगर संस्थानाने राखलेले वेळावदरचे गवताळ रान १९७६ मध्ये काळवीट राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र जवळजवळ वृक्षहीन आहे. तिथे काळवीट, लांडगे, हिवाळ्यात मुक्कामाला येणारे भोवत्या आणि पावसाळ्यात तणमोर येतात. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. म्हणजे उघडे रान राखण्यालायक असते हे कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले आहे. मात्र ही मान्यता आपण अपवाद म्हणून ठेवली, नियम म्हणून स्वीकारली नाही.

५. बाग आणि रान यांतला भेद

सगळ्या गोंधळाच्या मुळाशी बाग आणि रान यांची सरमिसळ आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी सयाजीबागेची उभारणी केली. जगभरची झाडे तिथे लावली गेली, आणि ते योग्यच होते. बागेत माळी माती बदलतो, चर खणून निचरा करतो, उन्हाळ्यात पाणी देतो, मेलेले झाड काढून दुसरे लावतो. मातीने घातलेली प्रत्येक अट माळी स्वतःच्या श्रमाने पुरी करतो. गावठाणातला वड, शाळेच्या आवारातला कडुनिंब, मळ्यातला आंबा हेही याच वर्गातले. तिथे सावली हवी, फळ हवे, आणि ते माणसाने खुशाल मिळवावे.

नारेश्वरचा कडुनिंब लाखो दत्तभक्तांच्या श्रद्धेचा विषय आहे. १९२५ मध्ये रंगावधूत महाराज तिथे राहायला आले आणि त्या झाडाखाली त्यांनी साधना केली. हे झाड नर्मदेच्या उंच, गाळाच्या, निचऱ्याच्या काठावर उभे आहे. कडुनिंबाला पाणी तुंबलेली जागा सोसत नाही. नदीकाठचा निचरा त्याला मानवतो. तालुका एकच, पाऊस एकच, आणि काठापासून थोडे आत सरकले की त्याच कडुनिंबासाठी जमीन परकी होते.

रानात माळी नसतो. तिथे झाडाने मातीच्या अटी स्वतः पुऱ्या करायच्या असतात. बागेचा नियम रानाला लावला, की पहिल्या तीन उन्हाळ्यांत रोपे मरतात. जी मरत नाहीत ती बहुधा आक्रमक परदेशी जातींची असतात. दोन्ही निकाल रानाच्या विरोधात जातात.

६. चार आक्षेप

*‘करजणात मूळ रान उरलेच कुठे आहे?’* कानमातली जमीन शतकानुशतके नांगराखाली आहे हे खरे. पण झाडोरा संपत नाही, तो कडेला सरकतो. गावांचे गौचर म्हणजे गायरान, तळ्यांच्या पाळी, बांध, स्मशाने, देवळांची आवारे, अरुंद रुळमार्गांच्या कडेच्या पट्ट्या आणि नर्मदेच्या घळी इथे तो तग धरून आहे. या पट्ट्यातून आज द्रुतगती महामार्ग, मालवाहू रेल्वेमार्ग आणि बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे. कडेच्या या चिंचोळ्या तुकड्यांवरच त्यांचा पहिला घाला पडतो. तुकडे लहान आहेत म्हणून ते क्षुल्लक ठरत नाहीत. बियाण्याचा उरलेला साठा त्यांच्यातच आहे, आणि म्हणूनच त्यांचे मोल वाढते.

*‘तापमानवाढीच्या काळात झाडे अधिक हवीत, गवताने काय होणार?’* २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात जगभर वृक्षारोपणाला किती वाव आहे याचा एक गाजलेला अंदाज आला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अनेक परिसंस्थातज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. गवताळ आणि विरळ झाडीची राने वृक्षारोपणासाठी रिकामी धरली, हा त्यांच्या आक्षेपाचा एक मुख्य मुद्दा होता. गवताळ रानातला कर्ब मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तरी तो बहुतांशी तिथेच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशेबातून वगळणे शास्त्रशुद्ध नाही. जमीन खणून, गवत मोडून लावलेले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मेलेले रोप कर्बाच्या हिशेबातही तोट्याचे आहे.

*‘आता नर्मदेचा कालवा आला, पाण्याची अडचण संपली, मग मातीचे बंधन कसले?’* हा आक्षेप सर्वांत मोहक आहे आणि सर्वांत धोक्याचाही. सरदार सरोवराच्या लाभक्षेत्राच्या पहिल्या टप्प्यात नर्मदा आणि महीमधला हा प्रदेश येतो. पाण्याने भेगांची आणि तहानेची कसोटी सैल होते, पण साचलेले पाणी आणि क्षार या उरलेल्या दोन कडक होतात. सतत ओल्या राहणाऱ्या चिकणमातीत पाणी तुंबते, भूजल वर येते, आणि त्याच्याबरोबर क्षार वर येतात. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला क्षार आणि चिकणमाती एकत्र आली की काय होते हे कुणी समजावून सांगायला नको. पाणी मिळाले म्हणून माती बदलत नाही. तिच्या अटी मात्र बदलतात, आणि त्या समजून घेण्याची गरज वाढते.

*‘हवामानच बदलत असेल, तर जुना झाडोरा धरून ठेवण्यात काय अर्थ?’* पाऊस आता थोड्या दिवसांत अधिक जोराने पडतो आणि मधले खंड लांबतात. म्हणजे तुंबणे आणि तडकणे ही दोन्ही टोके वाढणार. दोन्ही टोके सोसण्याची ताकद बाभूळ, पळस, पिलू, शमी आणि मारवेल यांनी इथल्याच मातीत कमावली आहे. हवामान काही दशकांत पालटू शकते. माती घडायला हजारो वर्षे लागतात. दोहोंतला एक घटक अस्थिर झाला असेल, तर शहाणपण दुसऱ्या, स्थिर घटकाला धरून चालण्यात आहे.

मियावाकी पद्धतीचा उल्लेखही इथे करायला हवा, कारण आज ती सगळीकडे बोलली जाते. अकिरा मियावाकी यांच्या मूळ विचारात पहिला प्रश्न हाच होता, की माणसाचा हात लागला नसता तर या जमिनीवर, या हवामानात कोणता झाडोरा उभा राहिला असता. अनुकरणात हा प्रश्न गळला आणि दाट लागवड तेवढी उरली. जपानच्या दमट वनभूमीचे उत्तर कानमाच्या काळ्या सपाटीला डकवण्यात मियावाकींचा आदर नाही.

७. मग करायचे काय

पहिले, लागवडीची परवानगी मातीच्या नकाशावर बेतावी. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून देशाच्या मातीचे नकाशे करते आहे. भारी काळी, गोराडू, क्षारपड, नदीकाठची आणि गावठाणाची अशा पाच वर्गांसाठी जातींच्या वेगळ्या याद्या तालुक्याच्या रोपवाटिकेत असाव्यात.

दुसरे, गौचराला पडीक म्हणणे थांबवावे. त्याची नोंद कुरण म्हणून व्हावी आणि तिथे खड्डे खणण्यावर बंदी असावी. मारवेल परत येण्यासाठी फार खर्च लागत नाही. पावसाळ्यात चराई थांबवून, बी झडल्यावर कापणी करून आणि पाळीपाळीने तुकडे खुले करून ते होऊ शकते. अर्थात रबारी-भरवाड पशुपालकांना त्या निर्णयात पहिले स्थान हवे, कारण कुरण राखण्यात खरा स्वार्थ त्यांचाच आहे.

तिसरे, वेडी बाभूळ नुसती तोडू नये. तोडली की ती बुंध्यापासून अधिक दाट फुटते. जमिनीखालचा खोडाचा गड्डा काढून, मोकळ्या झालेल्या जागी लगेच स्थानिक गवताचे बी टाकले तरच ती हटते.

चौथे, बांधावरच्या देशी बाभळीला मोल द्यावे. औतांना आणि गाड्यांना लाकूड, शेळ्यांना पाला, डिंक, कातड्यासाठी साल अशी तिची मिळकत एकेकाळी शेतकऱ्याच्या हिशेबात होती. ट्रॅक्टर आल्यावर ती हिशेबातून गेली आणि बाभूळ अडचण झाली. भरपाई वनीकरणाच्या निधीतला काही वाटा बांधावरची जुनी झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याकडे वळला, तर नवी रोपे विकत घेण्यापेक्षा तो अधिक काम करील.

पाचवे, यशाचे माप बदलावे. लावलेल्या रोपांची संख्या जाहीर करण्याऐवजी पाच वर्षांनी त्या जमिनीवर कोणत्या जाती, किती प्रमाणात, स्वतःच्या बळावर उभ्या आहेत हे जाहीर व्हावे. जिथे झाड अपेक्षितच नाही तिथे गवताचे आच्छादन मोजावे.

यातली एकही गोष्ट वृक्षप्रेमाच्या विरोधात नाही. उलट, झाडावर खरे प्रेम असेल तर ते जिथे जगेल तिथे लावावे आणि जिथे जगणार नाही तिथे लावू नये, एवढी किमान जबाबदारी त्या प्रेमातूनच येते. बी टाकण्याआधी जमीन कसली आहे हे आपला प्रत्येक कोरडवाहू शेतकरी पाहतो. भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, चोपण अशी प्रतवारी त्याच्या रोजच्या बोलण्यात असते, आणि पीक त्याच प्रतवारीवर ठरते. जे शहाणपण पोटासाठी वापरले जाते, तेच रानासाठी वापरायला शासनाला, संस्थांना आणि आपल्यासारख्या सुशिक्षितांना काय हरकत आहे? करजणच्या काळ्या सपाटीला अधिक झाडांची गरज नाही. तिच्या झाडांची आणि तिच्या गवताची आहे. हा फरक ज्या दिवशी धोरणात उतरेल, त्या दिवशी संवर्धन या शब्दाला अर्थ येईल.